विंडोजमधला 'स्टेप्स रेकॉर्डर': पतसंस्थेच्या काउंटरवरून लिहिलेला अनुभव

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. अकराच्या सुमाराला एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका ठेवीची पावती घेऊन काउंटरवर आले. दोन लाखांची ठेव, ३१ जानेवारी २०२४ ला तेरा महिन्यांसाठी नूतनीकरण केलेली. नातवाची फी भरायची होती, म्हणून मुदत संपायच्या दिवशीच आले होते. मी खाते क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर मुदतपूर्तीची तारीख आली ०३/०३/२०२५. पावतीवरही तीच छापलेली.

"ताई, तेरा महिनं म्हंजे फेब्रुवारीचा शेवट. मार्च कुठनं आला?"

काकांचं बरोबर होतं. ३१ जानेवारीपासून तेरा महिने मोजले तर ३१ फेब्रुवारी येते. ती तारीखच नसते, म्हणून आमच्या संस्थेत त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. सॉफ्टवेअरने मात्र फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस संपवून उरलेले तीन दिवस मार्चमध्ये मोजले होते. त्या दिवशी पैसे द्यायला गेलं तर सिस्टीम 'मुदतपूर्व' म्हणून व्याज कापत होती, आणि सोमवारी दिले तर तीन दिवसांचं व्याज जादा जात होतं. आठ टक्क्यांनी साधं व्याज धरलं तर १३१ रुपये ५१ पैसे. मॅनेजर साहेबांनी हाताने हिशेब करून व्हाउचर पास केलं, काका फी भरायला गेले, आणि मी सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला फोन लावला.

मी कराडच्या बाजूला एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं काम करते. सुरुवात कीर्द-खतावणी हाताने लिहिण्यापासून झाली. गेली दहा-बारा वर्षं सगळं कॉम्प्युटरवर आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की कंपनीशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. कंपनीचं नाव इथे घेणार नाही, त्याची गरजही नाही, कारण हे परीक्षण त्या सॉफ्टवेअरचं नाही. विंडोजमध्येच फुकट मिळणाऱ्या, पण माझ्या ओळखीच्या शंभरातल्या पाच जणांनीही न उघडलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमचं आहे. त्याचं नाव स्टेप्स रेकॉर्डर. मी तो सात वर्षं वापरते आहे. चूक कळवायची कशी, हे मी बरंचसं त्याच्याकडून शिकले.

आधी त्या तारखेचं काय झालं ते सांगते.

पहिल्या फोनवर मी म्हणाले, "मुदत ठेवीची तारीख चुकतेय." पलीकडच्या मुलाने त्याच्या मशीनवर ठेव उघडून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे २८ फेब्रुवारीच येतेय." दुसऱ्या फोनवर मी जरा चिडून तेच सांगितलं, त्याने शांतपणे तेच उत्तर दिलं. मग मी स्वतः नवीन ठेव उघडून पाहिली, तर माझ्याकडेही २८ च आली. आमच्या मॅनेजर साहेबांना वाटलं सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल. त्यांनी तसा ईमेल पाठवला आणि पुढचे दोन दिवस कंपनीची माणसं सर्व्हरवरची तारीख, वेळ आणि बॅकअप तपासत बसली. सर्व्हरला काहीच झालं नव्हतं. आपण जो अंदाज बांधतो तो समोरचा माणूस खरा धरतो आणि त्याच दिशेने शोधायला लागतो, हे त्या दोन दिवसांत मला पक्कं कळलं.

मग मी रेकॉर्डर लावला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकाऊ मुलांसाठी एक डेमो शाखा आहे, तिथे कामाची तारीख मागे नेता येते. मी तारीख ३१/०१/२०२४ केली, दिवस उघडला, 'चाचणी सभासद' नावाच्या खात्यावर त्याच दिवशी संपणारी एक ठेव तयार ठेवली होती ती काढली, 'नूतनीकरण' दाबलं, मुदत १३ महिने टाकली आणि पावती काढली. अकरा पायऱ्या झाल्या. ती झिप फाईल ईमेलने पाठवली. चाळीस मिनिटांत त्याच मुलाचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही नूतनीकरणातून जाताय होय? आम्ही इकडे नवीन ठेव उघडून बघत होतो."

एवढंच होतं. नवीन ठेव आणि नूतनीकरण या दोन वेगवेगळ्या स्क्रीन, आणि तारीख मोजायचं काम दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं. मी दोन्ही फोनवर 'नूतनीकरण' हा शब्द उच्चारला नव्हता. माझ्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आमच्याकडे मुदत संपली की दहातले आठ सभासद ठेव पुढे चालू ठेवतात, त्यामुळे माझा हात आपोआप त्या बटणावर जातो. रोज करतो ते आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण सांगत नाही. रेकॉर्डरला असं काही नसतं. जिथे क्लिक झालं तिथला फोटो काढतो आणि खाली लिहितो, बस.

आता हा प्रोग्रॅम कसा आहे ते. विंडोज ७ बरोबर, म्हणजे २००९ साली, तो 'प्रॉब्लेम स्टेप्स रेकॉर्डर' या नावाने आला. विंडोज ८ पासून नावातला 'प्रॉब्लेम' गेला. वेगळा डाउनलोड करावा लागत नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायचं, येणाऱ्या चौकटीत पी, एस, आर ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून एंटर करायचं. वर एक अरुंद पट्टी येते: रेकॉर्ड सुरू, थोडा वेळ थांबवा, बंद करा, आणि टिप्पणी जोडा. एवढीच बटणं. सुरू केलं की तुम्ही जिथे जिथे क्लिक कराल तिथे तिथे तो पूर्ण स्क्रीनचा फोटो घेतो आणि ज्या बटणावर क्लिक झालं त्याभोवती हिरवी चौकट काढतो. बंद केल्यावर सगळं एका झिपमध्ये घालतो. आत एमएचटी प्रकारची, म्हणजे वेब पानासारखी, एकच फाईल असते. ती उघडली की क्रमाने पायरी १, पायरी २, प्रत्येकीला तारीख, वेळ, 'युजर लेफ्ट क्लिक' असं वाक्य आणि खाली चित्र. शेवटी मजकुराची आणखी एक जागा असते, तिथे विंडोजची आवृत्ती आणि कुठला प्रोग्रॅम वापरला हे येतं. ही शेवटची जागा मी आधी बघतच नव्हते. सपोर्टची मुलं मात्र आधी तिथे जातात.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती घड्याळाची. चित्र पूर्ण स्क्रीनचं असल्यामुळे खाली टास्कबारवरची वेळही त्यात येते. कंपनीकडे त्यांच्या सर्व्हरवरची नोंद असते, लॉग म्हणतात ती. '११ वाजून ४२ मिनिटांनी पावतीचं बटण दाबलं' एवढं हातात असलं की त्यांना हजारो ओळींतली नेमकी ओळ सापडते. 'दुपारी जेवणाच्या आधी कधीतरी' यातून काही सापडत नाही.

काही गोष्टी मात्र आधी माहीत असायला हव्यात, नाहीतर रेकॉर्डिंग फुकट जातं.

एक तर, तो फक्त शेवटचे २५ फोटो ठेवतो. तुम्ही चाळीस क्लिक केले तर पहिले पंधरा गेले. आमच्यासारख्या कामात चूक बहुतेक सुरुवातीला पेरलेली असते, म्हणजे कुठली शाखा, कुठली तारीख, कुठल्या मेनूतून आत गेलो, आणि उगवते शेवटी. पट्टीच्या उजव्या टोकाच्या बाणात सेटिंग आहे, तिथे हा आकडा वाढवता येतो. मी १०० करून ठेवते. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की आकडा परत २५ वर येतो, म्हणून दर वेळी बघावं लागतं.

दुसरं, फोटो क्लिकच्या क्षणाचा असतो. क्लिक केल्यानंतर जे आलं त्याचा नसतो. तुम्ही 'जतन करा' दाबलं, लाल अक्षरात संदेश आला आणि तुम्ही रेकॉर्डिंग बंद केलं, तर ज्यासाठी एवढं केलं तो संदेशच फाईलमध्ये नाही. म्हणून शेवटी 'टिप्पणी जोडा' दाबावं, माऊस ओढून त्या संदेशाभोवती चौकट करावी आणि दोन शब्द लिहावेत. त्या वेळी आणखी एक फोटो निघतो आणि संदेश पकडला जातो. टिप्पणी मी मराठीत लिहिते. पलीकडची मुलं मराठी आहेत, मग इंग्रजीत अडखळत लिहून अर्थ कशाला घालवायचा?

तिसरं, कीबोर्डवर काय टाइप केलं ते तो नोंदवत नाही. हे सोयीचं आहे, पासवर्ड त्यात जात नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही मुदतीच्या रकान्यात १३ टाकलं की १२, हे फक्त पुढच्या चित्रात दिसलं तर दिसलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीचशी कामं माऊसला हात न लावता एंटर आणि टॅब दाबत होतात. एकोणीस वर्षांची सवय आहे, बोटं थांबत नाहीत. रेकॉर्ड करताना मी मुद्दाम प्रत्येक रकान्यात माऊसने क्लिक करत जाते. हळू होतं, पण प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या चित्रात येतो.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पूर्ण स्क्रीनचा फोटो म्हणजे पूर्ण स्क्रीनचा. सभासदाचं नाव, शिल्लक, पॅन, मोबाईल नंबर, बाजूला व्हॉट्सॲप उघडं असेल तर त्यातला मजकूर, सगळं. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून पैसे ठेवलेत. त्यांची शिल्लक ईमेलमधून पुण्याला, सॉफ्टवेअर कंपनीकडे, पाठवायचा आपल्याला काही अधिकार नाही. सहज दिसली म्हणून गेली, हे कारण चालणार नाही. म्हणून आमच्या शाखेत मी नियम केला आहे: रेकॉर्डिंग फक्त डेमो शाखेत, चाचणी सभासदावर, बाकी सगळ्या खिडक्या बंद करून. आणि पाठवण्याआधी फाईल स्वतः उघडून वरपासून खालपर्यंत बघायची. खऱ्या खात्यावरच होणारी चूक असेल तर मी रेकॉर्डिंग पाठवत नाही. कंपनीचा माणूस शाखेत बोलावते.

चाचणी सभासदावर चूक परत घडवून आणण्याचा आणखी एक फायदा मला नंतर लक्षात आला. खऱ्या खात्यावर दहा गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात: वारसदार, ज्येष्ठ नागरिकाचा वाढीव दर, तारण कर्ज, टीडीएसचा फॉर्म. कोऱ्या खात्यावर चूक घडली की या दहाही गोष्टींचा संबंध नाही हे आपोआप सिद्ध होतं. नाही घडली तर त्यातल्याच कुठल्या तरी गोष्टीत दुखणं आहे. मग एकेक जोडत जायचं. तांदूळ निवडायला बसल्यासारखं काम आहे, वेळ लागतो, पण ताटात खडा कुठे आहे ते कळतं.

त्या तारखेच्या वेळीही फाईल पाठवून मी थांबले नाही. पलीकडचा मुलगा म्हणाला होता, "तीन दिवसांचा फरक पडतोय एवढं नोंदवून ठेवतो." मला ते पटलं नाही. फरक नेहमी तीनच दिवसांचा पडेल असं कशावरून? मी डेमो शाखेत २८ जानेवारी टाकून पाहिली, तारीख बरोबर आली. २९ टाकली तर १ मार्च. ३० टाकली तर २ मार्च. ३१ ला ३ मार्च. म्हणजे जेवढे दिवस फेब्रुवारीत मावत नव्हते तेवढे पुढच्या महिन्यात सांडत होते. मग फेब्रुवारी सोडून पाहिलं. ३१ मार्चला तीन महिन्यांची ठेव केली, ३० जून यायला हवी होती, आली १ जुलै. ३१ ऑगस्टला तेरा महिन्यांची केली, ३० सप्टेंबरच्या जागी १ ऑक्टोबर. दुखणं फेब्रुवारीचं नव्हतंच. ज्या ज्या महिन्यात ती तारीख नसते, तिथे सगळीकडे होतं. हे कळल्यावर आम्ही शाखेतल्या नूतनीकरण झालेल्या ठेवींची यादी काढली आणि महिनाअखेरच्या ठेवी हाताने तपासल्या. सतरा ठेवींच्या तारखा चुकलेल्या निघाल्या. त्या सतरा सभासदांना फोन करून पावत्या बदलून दिल्या. एका आजींना पावती घरी नेऊन दिली, कारण त्यांना जिना चढवत नाही.

ते सतरा जण काउंटरवर येऊन भांडेपर्यंत थांबलो असतो तर? लोकांना वाटतं काउंटर बंद पडणं ही मोठी चूक आणि तारीख चुकणं ही छोटी. माझं मत उलटं आहे. काउंटर बंद पडलं तर पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळतं आणि कुणीतरी धावत येतं. तारीख तीन दिवस पुढे गेली तर वर्षभर कुणाला दिसत नाही, आणि दिसते तेव्हा सभासदाचा संस्थेवरचा विश्वास हललेला असतो. म्हणून मी कळवताना 'अर्जंट' हा शब्द फार जपून वापरते. काम थांबलं असेल तर 'काम थांबलं' लिहिते. पैसे किंवा तारीख चुकत असेल तर 'पैशांचा हिशेब चुकतो' लिहिते. अक्षरं बारीक दिसतात, रंग आवडला नाही, हे महिन्यातून एकदा एकत्र कळवते. प्रत्येक ईमेलवर 'अर्जंट' लिहिणाऱ्या शाखा मी पाहिल्या आहेत. त्यांचा खरा अर्जंट ईमेलही रांगेत पडून राहतो.

रेकॉर्डर एक काम करत नाही: काय व्हायला हवं होतं ते तो सांगत नाही. ३ मार्च ही तारीख चूक आहे हे त्याला माहीत नाही, आणि पुण्यात बसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलालाही माहीत असेलच असं नाही. प्रत्येक संस्थेचे पोटनियम वेगळे. म्हणून फाईलबरोबर चार ओळींची चिठ्ठी लागतेच. त्या वेळची माझी चिठ्ठी अशी होती:

"विषय: नूतनीकरणातून केलेल्या ठेवीची मुदतपूर्ती तारीख पुढच्या महिन्यात जाते.
काय केलं: डेमो शाखा, कामाची तारीख ३१/०१/२०२४, नूतनीकरण, मुदत १३ महिने. रेकॉर्डिंग सोबत, ११ पायऱ्या.
काय यायला हवं: २८/०२/२०२५. महिन्यात ती तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस, असा आमचा नियम आहे.
काय आलं: ०३/०३/२०२५.
पाच वेळा केलं, पाचही वेळा हेच. दोन्ही काउंटरच्या मशीनवर हेच. 'नवीन ठेव' स्क्रीनवरून केलं तर बरोबर येतं."

यात कुठेही 'माझ्या मते' नाही. सर्व्हरचा प्रॉब्लेम, मागच्या अपडेटमुळे झालं, व्हायरस असेल, यातलं काही नाही. अंदाज सांगायचाच असेल तर मी अगदी शेवटी, वेगळ्या ओळीत, 'अंदाज' असं लिहून सांगते, म्हणजे तो घटनेत मिसळत नाही. आणि एका ईमेलमध्ये एकच चूक. आधी मी एकाच ईमेलमध्ये तारीख, प्रिंटर आणि एसएमएस असं तिन्ही लिहायचे. प्रिंटरचं काम झालं की ते पूर्ण तक्रार बंद करायचे आणि बाकीच्या दोन तशाच राहायच्या. दोष त्यांचा नव्हता, एका तक्रारीला एकच नंबर मिळतो. स्क्रीनवर आलेला संदेश मी जसाच्या तसा उतरवते, स्पेलिंगसकट, आकड्यांसकट. 'काहीतरी एरर आली' हे वाक्य आता आमच्या शाखेत कुणी बोलत नाही. शिपाईमामासुद्धा कागदावर आकडा लिहून आणतात.

जी चूक हवी तेव्हा घडत नाही तिच्यासाठी हा प्रोग्रॅम कामाचा नाही. आमचं दिवसअखेरचं काम मधूनच अडकायचं, आठवड्यातून एखादे वेळी. रेकॉर्डर लावून बसले की हमखास सुरळीत व्हायचं. तिथे साधी वही उपयोगी पडली. अडकलं की वेळ लिहायची, कोण कोण लॉगिन होतं ते लिहायचं, आणि कुठलं काम चालू होतं ते. न अडकलेल्या दिवसांचंही लिहायचं, कारण त्याशिवाय तुलना होत नाही. पाच आठवड्यांनी वही समोर ठेवली तर अडकलेल्या प्रत्येक दिवशी त्याच वेळी पिग्मी एजंटांचं, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्यांचं, कलेक्शन अपलोड होत होतं. ते पान मी फोटो काढून पाठवलं. कंपनीने अपलोड चालू असताना दिवसअखेर सुरूच होणार नाही अशी सोय केली.

एजंटांच्या मोबाईलवर अर्थातच स्टेप्स रेकॉर्डर चालत नाही. पण अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय आली आहे. वरून पट्टी खाली ओढली की बहुतेक फोनवर दिसते. त्यात बोट कुठे टेकलं ते दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करायला मी एजंटांना आवर्जून सांगते. त्याशिवाय व्हिडिओत स्क्रीन आपोआप बदलताना दिसते आणि काय दाबलं ते कळत नाही. आमचे एक एजंट दादा पासष्टीचे आहेत, बाजारपेठेत रोज शंभर दुकानं फिरतात. ते आता स्वतः व्हिडिओ करून पाठवतात आणि वर बोलतातही, "हे बघा ताई, आता पावतीचं बटण दाबतो." आवाज असल्यामुळे त्यांचा व्हिडिओ माझ्या फाईलपेक्षा चांगला कळतो, हे मला मान्य करायला हवं.

मग सगळीकडे व्हिडिओच का नको? मी दोन्ही करून पाहिलं. चार मिनिटांचा व्हिडिओ बघायला समोरच्याला चार मिनिटं लागतात, मागेपुढे करत बघितला तर दहा. रेकॉर्डरच्या फाईलमध्ये तो थेट सहाव्या पायरीवर जातो. फाईल लहान असते, ईमेलमधून जाते, कागदावर छापता येते. ऑडिटरांना दाखवायला मी त्या अकरा पायऱ्यांची प्रिंट काढून फाईलला लावली होती. व्हिडिओ फाईलला लावता येत नाही. पण स्क्रीन मधेच लुकलुकते, बटण दाबल्यावर वीस सेकंद काहीच होत नाही, अशी तक्रार असेल तर व्हिडिओच हवा. थांबलेला वेळ चित्रात दिसत नाही. आणि मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं हे मात्र कृपा करून बंद करा. त्यावर आडव्यातिडव्या रेघा येतात, व्हॉट्सॲप तो आणखी दाबतं, आणि ३ आहे की ८ हे कुणालाच वाचता येत नाही. विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस दाबलं की स्क्रीनचा स्वच्छ तुकडा कापता येतो.

एक दोष मात्र सांगायला हवा. जुन्या पद्धतीने बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डरला बटणांची नावं कळत नाहीत. वाक्य नुसतं 'अमुक खिडकीत क्लिक केलं' असं येतं, तेही इंग्रजीत. चित्र आणि हिरवी चौकट असते म्हणून निभावतं. पण चौकटही कधी कधी एका बटणाऐवजी पूर्ण फॉर्मभोवती येते. तिथे माझी टिप्पणी नसेल तर वाचणारा गोंधळतो. आणखी एक, तुमचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर रेकॉर्डरही तसाच चालवावा लागतो, नाहीतर त्यातले क्लिक नोंदवले जात नाहीत.

आणि वाईट बातमी अशी की मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या अखेरीला हा प्रोग्रॅम पुढे सुधारणार नाही आणि विंडोजच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीतून काढून टाकणार असं जाहीर केलं आहे. विंडोज ११ वर तो उघडला की वर तशी सूचनाच येते. त्याऐवजी स्निपिंग टूल, गेम बार किंवा क्लिपचॅम्प वापरा असं ते सांगतात. तिन्ही चांगली आहेत, पण तिन्ही व्हिडिओची किंवा सुट्या चित्रांची. क्लिक केलं की पायरी, वेळ आणि चित्र असं आपोआप लिहून देणारं त्यात एकही नाही. चौदा ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा आमच्या संस्थेतली मशीन बदलली. नवीन मशीनवर आज तरी हा प्रोग्रॅम उघडतो. उद्या एखाद्या अपडेटनंतर उघडणार नाही याची मला कल्पना आहे, म्हणून शाखेतल्या दोन नव्या मुलींना मी हल्ली उलटा सराव करायला लावते: आधी हाताने कागदावर पायऱ्या लिहा, मग रेकॉर्ड करा, मग दोन्ही ताडून बघा. पहिल्या वेळी दोघींच्या कागदावर सहा पायऱ्या होत्या आणि रेकॉर्डरमध्ये चौदा. परवा एकीच्या कागदावर बारा होत्या.

तारखेची चूक २२ एप्रिलच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाली. अपडेट आल्याचा फोन त्याच मुलाने केला आणि म्हणाला, "मॅडम, एकदा बघून सांगा, मग तक्रार बंद करतो." मी डेमो शाखेत परत ३१ जानेवारी २०२४ टाकली, नूतनीकरण केलं. २८/०२/२०२५. मग २९ आणि ३० जानेवारी, ३१ मार्च आणि ३१ ऑगस्टही पाहिल्या. सगळ्या बरोबर आल्यावर त्याला 'बंद करा' म्हणाले, आणि त्या रेकॉर्डिंगची झिप तक्रारीच्या नंबरासकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. पुढचं मोठं अपडेट आलं की त्याच अकरा पायऱ्या परत करून बघायच्या आहेत.